येसचा 'येससाँग्ज' नीट ऐकायचा कसा: तीन रेकॉर्डी, दोन ड्रमर आणि दोन तास दहा मिनिटं

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकायला लागलं की कुणी ना कुणी सांगतंच, येस या बँडचा 'येससाँग्ज' हा लाइव्ह अल्बम ऐक. मग आपण उत्साहात पहिल्या ट्रॅकपासून लावतो, अर्ध्या-पाऊण तासात कान थकतात, आवाज थोडा गढूळ वाटतो, गाणं कुठं संपलं आणि पुढचं कुठं सुरू झालं ते कळत नाही, आणि अल्बम बंद होतो तो कायमचाच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सत्तरच्या दशकातल्या लाइव्ह अल्बममध्ये इतकं भरभरून देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही. फक्त तो सरळ वरून खाली ऐकायची गोष्ट नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा अल्बम स्टुडिओतल्या मूळ गाण्यांच्या शेजारी ठेवून ऐका. तसं केलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते: बरीचशी गाणी स्टेजवरही जवळपास तेवढ्याच मिनिटांची आहेत, म्हणजे ही मंडळी स्टेजवर जाऊन मनाला येईल तसं वाजवत बसत नव्हती. आणि जी तीन गाणी खरोखर लांबली आहेत, त्या प्रत्येकात एका माणसाला मोकळी जागा दिलेली आहे. ती जागा कुणाला, कुठं आणि किती मिळाली हे ओळखू लागलात की अल्बम तुमचा झाला. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत, सगळ्या एका दिवसात करायच्या नाहीत.

पायरी १: आधी एवढी माहिती डोक्यात असू द्या

येस हा लंडनचा बँड, १९६८ साली जॉन अँडरसन (गायक) आणि ख्रिस स्क्वायर (बास) यांनी उभा केलेला. 'येससाँग्ज' आला मे १९७३ मध्ये, अटलांटिक लेबलवर, तीन एलपींचा संच. रेकॉर्डिंग १९७२ सालच्या दौऱ्यांमधलं आहे, वेगवेगळ्या रात्रींचं, त्यामुळे ही एका कॉन्सर्टची नोंद नाही. रेकॉर्डिंगची बाजू एडी ऑफर्डनं सांभाळली, तोच बँडच्या स्टुडिओ अल्बमचाही इंजिनिअर आणि बँडबरोबरचा प्रोड्युसर होता. गिटारवर स्टीव्ह हाऊ, कीबोर्डवर रिक वेकमन. ड्रमवर मात्र दोन माणसं आहेत, बिल ब्रुफर्ड आणि ॲलन व्हाइट, त्यांच्याकडे आपण नीट येणारच आहोत.

गाणी तीन स्टुडिओ अल्बममधली आहेत आणि हे तिन्ही आधी एकदा तरी ऐकून घ्या, हे टाळू नका.

'द येस अल्बम', १९७१ चा: यातून 'युअर्स इज नो डिसग्रेस', 'स्टारशिप ट्रूपर', 'आय हॅव सीन ऑल गुड पीपल' आणि 'पर्पेच्युअल चेंज'.

'फ्रॅजाइल', १९७१ च्या शेवटी इंग्लंडात आलेला: यातून 'राउंडअबाउट', 'हार्ट ऑफ द सनराइज', 'लाँग डिस्टन्स रनअराउंड', त्याला जोडलेलं 'द फिश' आणि हाऊचा एकट्याचा 'मूड फॉर अ डे'.

'क्लोज टू द एज', सप्टेंबर १९७२ चा: यात तीनच गाणी आणि तिन्ही इथं आहेत, शीर्षकगीत, 'अँड यू अँड आय' आणि 'सायबेरियन खात्रू'.

उरलेलं म्हणजे सुरुवातीची, स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराची टेप आणि वेकमनच्या 'सिक्स वाइव्ज ऑफ हेन्री द एट्थ' या स्वतःच्या अल्बममधले तुकडे.

पायरी २: कशावर ऐकताय ते बघा

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. अर्धा बँड स्क्वायरच्या बासवर उभा आहे आणि तो बासच तिथं गायब होतो, मग उरलेलं सगळं विस्कळीत वाटतं. एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर तोही या कामाचा नाही, कारण डावं-उजवं एकत्र होऊन जातं आणि आपल्याला पुढं डावं-उजवं वेगळं ऐकायचंय. साधे पण बऱ्यापैकी वायरवाले हेडफोन चालतील, महाग हवेत असं अजिबात नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणं) बंद करा आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पडू देणं) चालू करा, नाहीतर पहिल्या दोन ट्रॅकमधला जोड तुटतो आणि त्या जोडातच पुढची सगळी मजा आहे. शफल तर बंदच.

जुनी एलपी विकत घेत असाल तर तिन्ही रेकॉर्डी आत आहेत ना, त्या एकाच संचातल्या आहेत ना, आणि फोटोंची पुस्तिका आहे का हे दुकानातच बघून घ्या, कारण अशा मोठ्या संचातलं एखादं काहीतरी हरवलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. पहिली, दुसरी आणि सहावी बाजू जवळपास चोवीस-चोवीस मिनिटांच्या आहेत. एका बाजूवर जेवढी मिनिटं जास्त कोंबली तेवढा रेकॉर्डचा आवाज दबका होत जातो, तेव्हा या बाजूंना आवाज थोडा वाढवायला हरकत नाही. सीडीवर सगळं दोन डिस्कमध्ये बसतं.

आता आवाजाच्या दर्जाबद्दल सरळच सांगतो. रेकॉर्डिंग गढूळ आहे. खालचे सूर एकमेकांत मिसळतात, काही ठिकाणी गाण्याचे शब्द वाद्यांच्या मागे जातात. इक्वलायझर असेल तर बास वाढवण्याचा मोह आवरा, उलट किंचित कमी करा, म्हणजे स्क्वायरचा बास जास्त स्पष्ट ऐकू येईल. हे उलटं वाटेल, पण त्याच्या बासची खरी ओळख खालच्या घुमण्यात नाहीच, वरच्या कडक, धातूसारख्या टणत्कारात आहे. तो रिकनबॅकर बास पिकनं वाजवायचा आणि त्याला तो आवाज तसाच हवा असायचा.

पायरी ३: पहिल्या दिवशी फक्त तेरा मिनिटं

पहिल्या बैठकीत 'ओपनिंग' आणि 'सायबेरियन खात्रू' एवढंच. पुढे जायचं नाही.

'ओपनिंग' म्हणजे स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड' सूटचा शेवटचा भाग. मूळ बॅले १९१० चा. येस स्टेजवर येण्याआधी त्याची टेप लावायचे. बरेच जण हे वाट बघायला लावणारं संगीत समजून पुढं ढकलतात, तसं करू नका. सुरुवातीला हॉर्नवर एक संथ सूर येतो, तो वाद्य बदलत मोठा होत जातो आणि मग शेवटाकडे तोच सूर सगळा ऑर्केस्ट्रा जोरात वाजवायला लागतो. तिथं मोजा. सात येतील. स्ट्राविन्स्कीनं तो शेवट सातच्या मापात लिहिलाय.

म्हणजे बँडनं एक सूरही वाजवायच्या आधी श्रोत्यांच्या कानात विषम मोजणी बसलेली असते, आणि लगेच मागोमाग येतं 'सायबेरियन खात्रू', ज्याची मुख्य रिफ, म्हणजे परत परत येणारी छोटी सुरावट, पंधरावर चालते. हाऊची सुरुवातीची गिटारची झेप संपून सगळा बँड एकत्र रिफवर आला की मोजायला लागा: आठ, मग सात, परत आठ, परत सात. नाहीतर चार-चार-चार-तीन. ज्यांनी तबल्याची थोडीफार साथ ऐकली आहे त्यांना हे जड जाणार नाही, सम कुठं येते ते शोधत बसतो तसंच इथं 'एक' कुठं येतो ते शोधायचं. हातानं टाळी धरून बसा, चुकलं तर गाणं थांबवू नका, पुढच्या फेरीत परत धरा. दोन-तीनदा ऐकलं की मोजायची गरज संपते आणि पाय आपोआप बरोबर पडायला लागतो. तेव्हा कळतं की हे अवघड दाखवण्यासाठी केलेलं नाही, त्या एका कमी मात्रेमुळं गाणं सतत पुढं कलंडत राहतं आणि म्हणून ते पळतं.

स्टुडिओतलं 'सायबेरियन खात्रू' आणि हे, दोन्ही नऊ मिनिटांच्या आसपास. रचना तीच. पण लागोपाठ ऐका आणि फक्त ड्रमकडे लक्ष द्या, कारण स्टुडिओत ब्रुफर्ड आहे आणि इथं व्हाइट. इथून पुढची पायरी सुरू होते.

पायरी ४: दोन ड्रमर ओळखायला शिका

हा माझ्या मते अल्बमचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, म्हणून इथं जरा रेंगाळू.

१९७२ च्या उन्हाळ्यात 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग संपलं आणि ब्रुफर्ड बँड सोडून किंग क्रिम्सन या दुसऱ्या बँडमध्ये गेला. अल्बम अजून बाजारात यायचा होता आणि अमेरिकेचा दौरा तोंडावर आलेला. त्याच्या जागी ॲलन व्हाइट आला, जॉन लेननच्या प्लास्टिक ओनो बँडबरोबर वाजवलेला, 'इमॅजिन' या गाण्यावर ज्याचे ड्रम आहेत तो. सगळी गाणी बसवायला त्याला तीन दिवस मिळाले. ३० जुलै १९७२ ला डॅलसमध्ये तो पहिला कार्यक्रम वाजवत होता. वर जे पंधराचं चक्र आपण टाळी धरून मोजलं, तशी आणि त्याहून गुंतागुंतीची दीड तासाची गाणी तीन दिवसांत! मला हे आजही विश्वास बसू नये इतकं मोठं वाटतं आणि व्हाइटला त्याचं पुरेसं श्रेय मिळत नाही असंही वाटतं.

अल्बमवर ब्रुफर्ड फक्त दोन ठिकाणी आहे: 'पर्पेच्युअल चेंज' आणि 'लाँग डिस्टन्स रनअराउंड' अधिक 'द फिश'. बाकी ड्रम जिथं जिथं आहेत तिथं व्हाइट.

ओळखायचं कसं? ब्रुफर्डचा स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा मुख्य ड्रम, ऐका. कोरडा, उंच, टणकन वाजणारा, खोलीत कुणी तरी लाकडावर काठी मारल्यासारखा एकदम वेगळा उठून येतो. तो ठोका अपेक्षेच्या जागी टाकत नाही, जरा आधी, जरा नंतर, मधेच जागा रिकामी सोडतो. त्याचं मन जॅझमध्ये होतं हे दोन मिनिटांत कळतं. व्हाइटचा हात जड आहे. स्नेअर जाडसर, टॉम (खालच्या, गोल आवाजाचे ड्रम) भरलेले, आणि त्याचं लक्ष बँडला पुढं ढकलण्याकडं असतं. त्याच्याबरोबर तीच गाणी जास्त रॉक वाटायला लागतात, मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचतील अशी.

करून बघा: आधी 'पर्पेच्युअल चेंज'ची पहिली चार मिनिटं, लगेच 'हार्ट ऑफ द सनराइज'ची पहिली चार मिनिटं, दोन्ही 'येससाँग्ज'वरचीच. मग स्टुडिओतलं 'हार्ट ऑफ द सनराइज'. तिन्ही वेळा गिटार आणि गायन मुद्दाम दुर्लक्षित करायचं. सुरुवातीला जमत नाही, कान सारखा गाण्याकडे पळतो, पण स्नेअरला धरून ठेवलं की जमतं. कोण चांगलं या वादात शिरायचं असेल तर जरूर शिरा, माझं मत असं की 'लाँग डिस्टन्स रनअराउंड' ब्रुफर्डशिवाय शोभत नाही आणि 'युअर्स इज नो डिसग्रेस' व्हाइटनंतर मला परत ब्रुफर्डचं ऐकावंसं वाटत नाही.

पायरी ५: कुणाला जागा मिळाली

आता ती तीन लांबलेली गाणी. एका बैठकीत एकच घ्या.

'पर्पेच्युअल चेंज': स्टुडिओत नऊच्या आत-बाहेर मिनिटं, इथं चौदा. आधी स्टुडिओचं हेडफोनवर ऐका. मधे एक जागा येते तिथं एकाच वेळी दोन वेगळ्या मोजण्या चालतात, एका कानात एक आणि दुसऱ्या कानात दुसरी, जणू दोन बँड शेजारी शेजारी वाजताहेत. मल्टिट्रॅक टेपमुळं, म्हणजे वेगवेगळं वाजवून मग एकत्र जोडता येतं त्यामुळं, हे जमलं होतं. म्हणूनच वर सांगितलं की एकाच स्पीकरवर ऐकू नका. स्टेजवर माणसं तेवढीच आणि हात तेवढेच, तर मग या जागेचं काय केलं ते लाइव्हमध्ये शोधा. आणि मग उरलेली मिनिटं कुठं गेली? हाऊला थोडी गेली, पण मोठा वाटा ब्रुफर्डच्या ड्रम सोलोला. सत्तरच्या दशकातले बरेच ड्रम सोलो ऐकताना मी घड्याळ बघतो, हा मात्र छोटा आहे, विचार करून वाजवलेला आहे आणि गाण्यातून निघून गाण्यात परत येतो.

'लाँग डिस्टन्स रनअराउंड' आणि 'द फिश': स्टुडिओत दोन्ही मिळून सहा मिनिटांच्या थोडं वर, इथं साडेतेराच्या पुढं. दुपटीहून जास्त. पहिल्या गाण्यात कडवं चालू असताना ब्रुफर्डकडे बघा, म्हणजे कानानं बघा: गाणं साधं चारात चाललंय आणि ड्रमचे मुख्य ठोके पाच-पाचच्या अंतरानं पडताहेत, त्यामुळे ते सरकत सरकत जातात आणि मधेच परत गाण्याला येऊन भेटतात. ती भेट पकडता आली की फार आनंद होतो.

मग 'द फिश'. फिश हे स्क्वायरचं टोपणनाव, तो बाथरूममध्ये तासन् तास पाण्यात पडून असायचा म्हणून मिळालेलं. स्टुडिओत त्यानं हा तुकडा सातच्या चक्रावर बांधला आणि एकावर एक बासचेच थर चढवत नेले, लय धरणारा बास, सूर वाजवणारा बास, सगळं एकाच माणसानं वेगवेगळ्या वेळी वाजवलेलं. स्टेजवर एका माणसाला थर चढवता येत नाहीत. म्हणून त्यानं तुकड्याचं रूपच बदललं, बास एकटा पुढं आला, मागं ड्रम, आणि मिनिटामागून मिनिटं एक माणूस चार तारांवर हॉल भरून टाकतो. इथं आवाज वाढवा. विकृत होत जाणारा, घरघरणारा तो बासचा सूर मुद्दाम तसा आहे, तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत. बास गिटार शिकणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ होईस्तोवर ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

'युअर्स इज नो डिसग्रेस': स्टुडिओत पावणेदहाच्या आसपास, इथं चौदाच्या वर. इथं जागा हाऊला मिळाली. त्याचा हा सोलो ऐकताना एक करा, दर मिनिटाला तो काय बदलतो ते कागदावर लिहा. कधी कंट्री गिटारच्या वळणाचं, कधी जॅझ, कधी सरळ ओरबाडणारं रॉक, मधेच एखादी छोटी आकृती परत परत. हाऊ ब्लूजच्या ठरलेल्या वाक्यांवर कधी विसंबून नव्हता आणि त्यामुळे त्याचा पुढचा सूर काय येईल हे सांगता येत नाही. मागे व्हाइट आणि स्क्वायर त्याच्याबरोबर कसे वाकतात तेही ऐका, कारण सोलो एकट्याचा असला तरी ती जागा धरून ठेवणारे ते दोघं आहेत.

पायरी ६: कीबोर्डवाला बदललाय हे विसरू नका

'द येस अल्बम'वर कीबोर्ड टोनी केचे आहेत. वेकमन त्यानंतर, १९७१ मध्येच, आला. म्हणजे त्या अल्बममधली चारही गाणी 'येससाँग्ज'वर दुसऱ्याच्या हातची आहेत. के हॅमंड ऑर्गनचा माणूस, जाड आणि ठाम वाजवणारा, सजावटीत न रमणारा. वेकमनकडे मूग सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारा कीबोर्ड), मेलोट्रॉन, पियानो असा सगळा ताफा. फरक ऐकायचा तर 'स्टारशिप ट्रूपर'चा शेवटचा भाग घ्या. तीनच कॉर्ड, हळूहळू वाढत जाणारे. स्टुडिओत ही जागा मुख्यतः हाऊची, इथं वेकमनचा मूग त्यात शिरतो आणि शेवट वेगळाच उजळतो. अल्बमचाही शेवट इथंच होतो.

'आय हॅव सीन ऑल गुड पीपल'मध्ये स्टुडिओत रेकॉर्डर ही लाकडी बासरी आहे, बाहेरच्या एका वादकानं वाजवलेली. स्टेजवर तो नाही. ती जागा कशी भरली ते ऐका, आणि सुरुवातीचं तिघांचं एकत्र गाणं ऐका. स्क्वायर आणि हाऊ एवढं वाजवून वर गात होते हे सहज निसटतं.

मेलोट्रॉनबद्दल एक छोटी गोष्ट उपयोगी पडेल: त्याच्या प्रत्येक पट्टीखाली व्हायोलिन किंवा कोरस रेकॉर्ड केलेल्या टेपचा तुकडा असतो, साधारण आठ सेकंदांचा. टेप संपली की सूर संपला, बोट उचलून परत दाबायला लागतं. लांब, भरून आलेल्या जागांमध्ये सूर मधेच नव्यानं उगवल्यासारखा वाटला तर कारण हे.

'अँड यू अँड आय'ची सुरुवात स्टुडिओत अकूस्टिक गिटारवर, अगदी घरगुती, वाद्य जुळवून बघितल्यासारखी. लाइव्हमध्ये तसं नाही, गाण्यातला पुढचा भव्य भागच आधी येतो, स्टील गिटारचा (आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवत वाजवतात ती) ओढलेला सूर आणि खाली मेलोट्रॉन, आणि मग गाणं सुरू होतं. मला हे लाइव्ह रूप स्टुडिओपेक्षा जास्त आवडतं.

'मूड फॉर अ डे' आणि वेकमनचे तुकडे यांना वेगळी तयारी लागत नाही, जसे येतील तसे ऐका. 'राउंडअबाउट' बहुतेकांना माहीत असतं, तिथं सुरुवात ऐका, स्टुडिओत टेप उलटी फिरवून केलेला पियानोचा तो फुगत येणारा सूर स्टेजवर कसा हाताळलाय ते.

पायरी ७: पाचवी बाजू, एकटीच

'क्लोज टू द एज' एलपीची पूर्ण पाचवी बाजू घेतं, अठरा मिनिटांच्या वर. दुसरं काहीही त्या दिवशी ऐकू नका.

अँडरसन तेव्हा हर्मन हेसेची 'सिद्धार्थ' वाचत होता, १९२२ ची कादंबरी, घडते भारतात, आणि शेवटी नायक नदीकाठी बसून नदीचं ऐकायला शिकतो. गाण्यात तो काठ आहे. शब्दांचा सरळ अर्थ लावायला जाऊ नका, अँडरसन शब्द नादासाठी निवडायचा, पण ही नदी मनात ठेवली की चढ-उतार समजतात.

चार भाग आहेत. पहिल्यात सगळी वाद्यं एकमेकांवर आदळतात, गोंधळ वाटेल, तो तसाच अपेक्षित आहे. मग दुसरा भाग, त्यात बास विलक्षण. साधारण आठ-साडेआठ मिनिटांनंतर सगळं शांत होतं, तिसरा भाग, एकावर एक गायन. स्टुडिओत इथं वेकमननं लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला खरा पाइप ऑर्गन वाजवलाय. चर्च स्टेजवर आणता येत नाही. तरी स्टेजवरची ही जागा लहान वाटत नाही, आणि का वाटत नाही हे शोधणं हीच या बाजूची गंमत. मग चौथा भाग, पहिल्याचाच सूर पण आता सुटलेला, मोकळा. लाइव्हची एकूण लांबी स्टुडिओच्या जवळपास तेवढीच आहे, इथं कुणालाही जास्तीची जागा नाही, पाचही जण रचनेला बांधलेले आहेत. वरच्या तीन गाण्यांनंतर हे ऐकलं की हा फरक फार जाणवतो.

पायरी ८: कव्हर उघडून बसा

कव्हरवर रॉजर डीन या चित्रकाराची चित्रं. 'फ्रॅजाइल'च्या कव्हरवर जो छोटा ग्रह फुटायला लागलेला दिसतो, त्याची गोष्ट इथं पुढं जाते: ग्रहाचे तुकडे अवकाशातून निघतात, नव्या जगावर पोचतात, तिथं जीव उगवतो आणि मग वस्ती. चार चित्रं, निसटणं, पोचणं, जागं होणं आणि वाटा अशा अर्थाच्या नावांची. मोबाइलच्या चौकोनात फक्त पुढचं दिसतं. एलपी नसेल तर चारही चित्रं मोठी करून क्रमानं बघा.

पायरी ९: ती रात्र परत जोडा

आता हातानं करायचं काम. अल्बमचा क्रम कॉन्सर्टचा क्रम नाही. १९७२ च्या शरद ऋतूतल्या दौऱ्यात बँड ज्या क्रमानं वाजवायचा, त्या क्रमानं याच अल्बममधून प्लेलिस्ट बनवा:

ओपनिंग
सायबेरियन खात्रू
आय हॅव सीन ऑल गुड पीपल
हार्ट ऑफ द सनराइज
मूड फॉर अ डे
अँड यू अँड आय
क्लोज टू द एज
सिक्स वाइव्जचे तुकडे
राउंडअबाउट
युअर्स इज नो डिसग्रेस

दीड तास होतो, ड्रमवर सगळीकडे व्हाइट. ही प्लेलिस्ट मात्र एका बैठकीत, मधे न उठता ऐका. दोन अवघड गाण्यांच्या मधे एकट्या गिटारचा तुकडा का ठेवलाय, 'क्लोज टू द एज'नंतर बाकीच्यांना दम घ्यायला वेकमन एकटा का वाजवतो, आणि सगळ्यांना माहीत असलेलं 'राउंडअबाउट' इतकं उशिरा का, हे सगळं आपोआप कळतं. बाजूला राहिलेली ब्रुफर्डची दोन गाणी आणि 'स्टारशिप ट्रूपर' वेगळ्या छोट्या यादीत ठेवा.

पायरी १०: अजून हवं असेल तर

२०१५ मध्ये 'प्रोजेनी' नावाचा १४ सीडींचा संच आला, १९७२ च्या ३१ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर दरम्यानचे सात पूर्ण कार्यक्रम, टोरांटोपासून न्यूयॉर्कजवळच्या युनियनडेलपर्यंत. आवाज 'येससाँग्ज'पेक्षा बराच स्वच्छ, विशेषतः बास आणि गायन. सगळा विकत घ्यायची किंवा ऐकायची गरज नाही. एकच गाणं निवडा, मी 'युअर्स इज नो डिसग्रेस' सुचवीन, आणि ते वेगवेगळ्या रात्रींचं ऐका, म्हणजे हाऊच्या सोलोत कुठला भाग ठरलेला आहे आणि कुठला त्या रात्री सुचलेला ते कळेल. दोन-चार रात्रींपेक्षा जास्त एका वेळी नको, कान बोथट होतो.

'येससाँग्ज' नावाचा चित्रपटही आहे, डिसेंबर १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये चित्रित केलेला आणि १९७५ मध्ये दाखवलेला. चित्र धूसर आहे, आवाज अल्बमइतकाही चांगला नाही, तरी 'अँड यू अँड आय'साठी बघा. हाऊ एकाच गाण्यात गिटारवरून स्टीलवर आणि परत गिटारवर कसा जातो ते नुसतं ऐकून लक्षात येत नाही. चित्रपट शेवटीच बघा, त्याच्या आधी अल्बम तीन-चार वेळा झालेला असावा.